प्रिंटर पडला, पण का पडला?

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या नेटवर्कची तपासणी करत होतो. लेखी परवानगी खिशात होती, दुपारची वेळ होती आणि मला घाई होती. एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाला मी सगळ्या पोर्टांवर कोणतं सॉफ्टवेअर बसलंय ते शोधायला लावलं, तेही 'एकही पोर्ट वगळू नको' असं बजावून. पाचेक मिनिटांत शेजारच्या खोलीतला लेझर प्रिंटर घरघरला आणि पानामागून पान बाहेर पडू लागलं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोन ओळी अगम्य अक्षरं, बाकी पान कोरं. ट्रेमध्ये नेमक्या क्रमांक टाकलेल्या छापील पावत्या होत्या. रोखपालबाई तो गठ्ठा घेऊन दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे तुमचंच ना?"

माझंच होतं. ९१०० या पोर्टावर जे येईल ते प्रिंटर निमूटपणे छापतो. कोण पाठवतंय, का पाठवतंय, हे तो बहुधा विचारत नाही. म्हणूनच एनमॅप एरवी ९१०० ते ९१०७ हे पोर्ट या चौकशीतून आपणहून वगळतो, आणि मी शहाणपणानं तीच सोय काढून टाकली होती. २०२० च्या ऑगस्टमध्ये सायबरन्यूजच्या चमूनं इंटरनेटवर उघडे असलेले प्रिंटर हेरून २७,९४४ प्रिंटरांवर सुरक्षेच्या सूचनांचं पान छापून दाखवलं, तेही याच भोळेपणाच्या जोरावर.

पण नको ते छापलं जाणं हा झाला उपद्रव. त्याहून खोल दुखणं प्रिंटर आपली मेमरी कशी हाताळतो त्यात असतं, आणि ते तपासायची पद्धत वेगळी आहे. प्रिंटर हँग करायला अक्कल लागत नाही. तो नेमका कोणत्या बाइटमुळे आणि का कोसळला, हे सांगता आलं तरच तुम्ही काही तपासलं असं म्हणता येईल.

प्रिंटर वाचतो, तिथेच अडखळतो

ऑफिसातला मल्टिफंक्शन प्रिंटर म्हणजे प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टम आणि कधी हार्ड डिस्कही असलेला पूर्ण संगणक. तो ९१०० वर कच्ची प्रिंट घेतो, ५१५ वर जुना एलपीडी, ६३१ वर आयपीपी, १६१ वर प्रिंटरच्या स्थितीची चौकशी करू देणारा एसएनएमपी, ८० आणि ४४३ वर स्वतःचं वेबपान चालवतो. शिवाय नेटवर्कवर शेजाऱ्यांची नावं शोधणाऱ्या दोन-तीन सेवा, ज्यांची आठवण बसवणाऱ्या माणसालाही नसते. प्रत्येक पोर्टामागे काहीतरी वाचणारा कोड बसलेला असतो. पीजेएलच्या आज्ञा, पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट, पीडीएफ, जेपेग चित्र, फाँट, फॅक्सची पानं, सगळं वाचायचं. हा कोड बहुतांशी सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असतो, आणि या भाषांत जागेचा हिशेब प्रोग्रॅमरनं स्वतः ठेवायचा असतो.

हिशेब चुकतो कसा? हाताने लिहिलेली रोजकीर्द आठवा. नावाच्या रकान्यात कुणी लांबलचक नाव लिहिलं आणि ते शेजारच्या रकमेच्या रकान्यात सांडलं, तर संध्याकाळी बेरीज करणारा ती अक्षरंच रक्कम समजतो. बफर ओव्हरफ्लो म्हणजे हेच. फरक इतकाच की शेजारच्या रकान्यात कधीकधी 'यानंतर कोणतं काम करायचं' त्याचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता पाहुण्यानं लिहिला की मशीन पाहुण्याचं झालं. दुसरा प्रकार भक्तनिवासातल्या खोलीसारखा. पाहुण्यानं खोली सोडली, पण किल्ली त्याच्याच खिशात राहिली, आणि खोली दुसऱ्याला दिल्यावरही तो आत-बाहेर करतो. सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक ती ही. तिसरा प्रकार स्कूटरच्या मीटरचा. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. चित्र सांगतं, माझी रुंदी इतकी, उंची इतकी. फर्मवेअर गुणाकार करतं, आकडा मीटरसारखा उलटतो, चिमूटभर जागा राखली जाते आणि मग अख्खं चित्र त्यात ओतलं जातं.

या चुका पुस्तकी नाहीत. २०१८ मध्ये चेक पॉइंटच्या एयाल इटकिन आणि यानिव बालमस यांनी एचपीच्या ऑफिसजेट प्रो ६८३० वर दाखवलं की फक्त फॅक्स क्रमांक माहीत असला तरी पुरतं. रंगीत फॅक्स जेपेग म्हणून येतो, त्या जेपेगमधल्या एका तक्त्याची लांबी फर्मवेअरनं नीट तपासली नव्हती, आणि टेलिफोनच्या तारेतून आलेल्या चित्रानं प्रिंटरचा ताबा घेतला. तिथून ते आतल्या नेटवर्कमधल्या संगणकापर्यंत गेले. २०२१ मध्ये एफ-सिक्युअरच्या टिमो हिर्व्होनेन आणि अलेक्झांडर बोल्शेव यांना एचपीच्याच फर्मवेअरमध्ये फाँट वाचणाऱ्या कोडात ओव्हरफ्लो सापडला. सीव्हीई-२०२१-३९२३८ असा त्याचा क्रमांक, आणि दीडशेहून जास्त मॉडेलं त्यात सापडली. "आमचा प्रिंटर इंटरनेटवर नाहीच" म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. ऑफिसातल्या कुणी एखादं वाईट वेबपान उघडलं तरी ब्राउझरमार्फत प्रिंट जॉब आतल्या प्रिंटरपर्यंत पोचवता येतो, हे त्यांनी दाखवलं होतं.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण कॅननचं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीनं सात ओव्हरफ्लो एकदम जाहीर केले. ते कुठे होते? पत्तापुस्तिकेतल्या वापरकर्त्याच्या नावात, पत्तापुस्तिकेच्या पासवर्डात, फॅक्स क्रमांकाच्या प्रक्रियेत, नेटवर्कवरच्या सेवा शोधणाऱ्या संदेशांत. म्हणजे चाचणीला बसताना पोस्टस्क्रिप्टसारख्या अवघड भाषेपाशीच ठाण मांडू नका. ज्या साध्या रकान्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसेल, तिथे आधी हात घाला.

आधी घरचा अभ्यास

तुम्ही ऑफिसचा आयटी विभाग सांभाळत असाल तर मेमरीची चाचणी करायला बसूच नका. चालू ऑफिसातल्या, चालू प्रिंटरवर तर कधीच नाही. तुमचं काम वेगळं आणि जास्त फायद्याचं आहे. प्रत्येक प्रिंटरवरून कॉन्फिगरेशनचं पान छापा, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख एका वहीत उतरवा, उत्पादकाच्या सुरक्षा-सूचनांशी ताडून बघा. एएमसीवाला टोनर बदलतो, रोलर पुसतो. फर्मवेअर बदलणं करारात लिहिलेलं नसेल तर तो त्याला हात लावणार नाही. ते कलम घालून घ्या.

मग नको असलेल्या सेवा बंद करा. २०२२ च्या मार्चमध्ये एचपीनं एलएलएमएनआर या नाव शोधणाऱ्या सेवेतला ओव्हरफ्लो जाहीर केला, तेव्हा सांगितलेला तात्पुरता उपाय अगदी साधा होता: प्रिंटरच्या वेबपानावर जाऊन ती सेवा बंद करा. टेलनेट, एफटीपी, एलपीडी लागत नसतील तर तीही बंद. ९१०० फक्त प्रिंट सर्व्हरलाच दिसेल असं बघा.

आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड आजच बदला. २०२५ च्या जूनमध्ये रॅपिड७ नं ब्रदरच्या ६८९ मॉडेलांबद्दल जे जाहीर केलं ते यासाठी समजून घेण्यासारखं आहे. कारखान्यात घातलेला पासवर्ड सिरियल नंबरवरूनच काढता येत होता, आणि सिरियल नंबर प्रिंटर विचारणाऱ्याला सांगून टाकत होता. त्याच यादीत लॉगिन केल्यावरच वापरता येणारा एक स्टॅक ओव्हरफ्लो होता. एकेकटं बघितलं तर दुसरा दोष किरकोळ वाटतो, पण पहिल्यानं दार उघडलं की दुसरा आत शिरतो. विकल्या गेलेल्या मशीनचा तो पासवर्ड फर्मवेअरनं दुरुस्त होत नाही. मालकानंच तो बदलावा लागतो.

चाचणीचं टेबल

आता ज्यांना खरोखर चाचणी शिकायची आहे त्यांच्यासाठी. प्रिंटर तुमच्या मालकीचा हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या मालाच्या बाजारात नेटवर्क लेझर प्रिंटर मिळतो. एकाच मॉडेलचे दोन मिळाले तर दोन्ही घ्या, कारण एक बिघडणार आहे. आधीच्या ऑफिसची पत्तापुस्तिका, स्कॅन केलेली कागदपत्रं त्यात असू शकतात. वाचत बसू नका, पहिल्यांदा सगळं पुसा.

एक वेगळा छोटा स्विच, त्यावर फक्त तुमचा लॅपटॉप आणि प्रिंटर. वायफाय बंद, इंटरनेट नाही, फॅक्सची तार काढलेली. प्रिंटरला आपणहून नवं फर्मवेअर उतरवू द्यायचं नाही, नाहीतर काल सापडलेला दोष आज गायब होतो आणि तुम्ही स्वतःवरच शंका घेत बसता. फर्मवेअरची आवृत्ती भिंतीवर चिकटवून ठेवा.

कागद पाठकोरा वापरा, पण टाचणी आणि स्टेपलच्या पिना आधी काढा. ट्रे अगदी रिकामा ठेवू नये. कागद नाही म्हणून प्रिंटर अडून बसला की तो कोसळलाय की कागदाची वाट बघतोय ते कळत नाही. फ्यूजर तापलेला असतो, आणि झाकण उघडल्यावर पॉवर सप्लायपाशी घरातल्या प्लगइतकाच धोका असतो. सर्किट बोर्डवर सिरियल कन्सोलच्या पिना सापडल्या तर मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा; बहुतेक ठिकाणी ते ३.३ असतं, ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर बोर्ड जाऊ शकतो. मोजून झालं की यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडा. या कन्सोलसाठी एक दिवस गेला तरी चालेल. प्रिंटर मरताना शेवटचं काय बोलला ते तिथेच ऐकू येतं.

एक इशारा. प्रिंटरची कायमस्वरूपी सेटिंगं ज्या छोट्या मेमरीत असतात तिला लिहिण्याची मर्यादा असते. जर्मनीतल्या रूर विद्यापीठाचे येन्स म्युलर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये वीस प्रिंटर तपासले. सेटिंग सतत बदलणारी आज्ञा पाठवत राहिल्यावर २४ तासांत काही प्रिंटरांची ती मेमरी निकामी झाली. कायमचं लिहिणाऱ्या आज्ञा तुमच्या यादीतून वगळा, नाहीतर दोष शोधता शोधता मशीनच संपेल. त्यांनीच बनवलेलं प्रेट हे साधन मोफत मिळतं. प्रिंटर कोणत्या आज्ञांना काय उत्तर देतो याची ओळख करून घ्यायला ते उत्तम आहे.

एकेक बाइट, एकेक नोंद

सुरुवात मोडतोडीनं करू नका. आधी नेहमीची प्रिंट द्या, पत्तापुस्तिकेत एक नाव भरा, वेबपानावरून एक सेटिंग बदला, आणि वायरशार्क या नेटवर्कवरची वाहतूक टिपणाऱ्या साधनात ते सगळं संभाषण साठवा. प्रत्येक संदेशात कुठे लांबी सांगितलीय, कुठे मजकूर आहे, कुठे मोजणी आहे, त्यावर पेन्सिलनं खुणा करा. मला अजूनही हे कागदावर करायला आवडतं. मग एका वेळी एकच रकाना बदला. मजकूर लांब करा. सांगितलेली लांबी खरी लांबी सोडून वेगळी सांगा. मोजणी शून्य करा, मग त्या रकान्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या टाका, मग तिच्याहून एक कमी. ओव्हरफ्लो बहुधा काठावर सापडतात.

हे हातानं दोन दिवस केलंत की मग फझरकडे वळा. बूफझ हे साधन प्रोटोकॉलचा आराखडा दिला की बदल स्वतःच करत राहतं. एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सहा कंपन्यांचे ऑफिस प्रिंटर तपासताना त्याच धर्तीवर फझोव्स्की बनवलं आणि ते खुलं केलं. साधन कोणतंही घ्या, प्रत्येक चाचणीला क्रमांक, वेळ आणि पाठवलेले अचूक बाइट, या तीन गोष्टी नोंदल्या गेल्याच पाहिजेत. रात्रभर साधन चालवून सकाळी बंद प्रिंटर आणि चाळीस हजार चाचण्यांची रांग हातात आली, तर तुमच्याकडे काहीही नाही.

म्हणून दर चाचणीनंतर प्रिंटर जिवंत आहे का ते विचारा. पिंगला उत्तर आलं म्हणजे जिवंत, असं धरू नका. नेटवर्कचा भाग चालू राहून छपाईचा भाग मेलेला असतो. एसएनएमपीवरून दोन गोष्टी मागा: आजवर छापलेल्या पानांची मोजणी, आणि चालू होऊन किती वेळ झाला ते. दुसरी फार कामाची. काही प्रिंटर कोसळले की गुपचूप स्वतःला पुन्हा सुरू करतात आणि मिनिटाभरात काही घडलंच नाही असा चेहरा करून बसतात. फक्त तो वेळ शून्यावर गेलेला दिसतो. गंमत म्हणजे तो वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांत मोजतात, त्यामुळे न कोसळताही ४९७ दिवसांनी तो उलटतो. स्कूटरचं मीटर इथेही आहेच.

प्रिंटर पडला की थांबा. स्क्रीनचा फोटो काढा. एचपीच्या मशीनवर दिसणारे ४९ आणि ७९ क्रमांकाचे एरर ऑफिसात सगळ्यांना माहीत असतात. बंद करून चालू करायचं, संपलं. तपासणाऱ्यासाठी मात्र तो धागा आहे, कारण फर्मवेअरला न पचलेल्या प्रिंट जॉबमुळेही हे एरर येतात. अर्थात असा प्रत्येक एरर म्हणजे सुरक्षेतलं भोक नव्हे.

साधा बिघाड कोणता आणि भोक कोणतं, हे कसं ओळखायचं? प्रिंटर पूर्ण बंद करा, प्लग काढा, मिनिटभर थांबा, मग फक्त तीच एक चाचणी पाठवा. असं तीनदा. तिन्ही वेळा पडला तर धागा पक्का. न पडल्यास आधीच्या चाचण्यांनी मेमरीची घडी विस्कटली असेल. मग शेवटच्या दहा-वीस क्रमानं पाठवून बघा. कारण ठरलं की संदेश कापत जा, जोवर पडणं टिकतंय तोवर. शेवटी उरतो तो छोटासा तुकडा. आता लांबी बदलून बघा. जॉब मोठा झाला आणि 'मेमरी अपुरी' असा नीट निरोप देऊन प्रिंटरनं तो नाकारला, तर तो शिस्तीत वागतोय. तोच जॉब वाचताना तो अडकून पडला, पण बाकीचं शाबूत राहिलं, तर त्याला सेवा बंद पाडणारा दोष म्हणा. एका ठरावीक लांबीच्या अलीकडे सुरळीत आणि पलीकडे एकदम कोसळणं, हे मात्र रकान्याबाहेर सांडल्याचं लक्षण. कन्सोलवर रजिस्टरांचे आकडे उमटले आणि त्यांत तुम्ही पाठवलेलीच अक्षरं दिसली, तर शंका उरत नाही. पुढची आज्ञा कुठली, हे सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये ती दिसली, तर दोष सर्वांत गंभीर वर्गातला. इथे थांबा. ताबा घेऊन दाखवण्याची गरज नाही. एवढ्या पुराव्यावर कंपनीचा इंजिनिअर तो दोष शोधून काढतो. २०२१ च्या प्वनटूओन स्पर्धेत एफ-सिक्युअरच्या चमूनं एचपीच्या प्रिंटरमधून एसी/डीसीचं गाणं वाजवलं. ते ऐकायला मजा येते, पण ती स्पर्धा होती.

प्रिंटरच्या डब्यात काय चाललंय ते दिसत नाही, ही या कामातली मोठी अडचण. म्हणून नवख्यांना माझा सल्ला वेगळाच असतो. आधी लिनक्सवर कप्स ही छपाईची प्रणाली किंवा पोस्टस्क्रिप्ट वाचणारं घोस्टस्क्रिप्ट घ्या. दोन्हींचा कोड खुला आहे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून तो बांधा, आणि एएफएल या फझरकडून त्यात वेड्यावाकड्या फाइली ओता. सॅनिटायझर तुम्हाला फाइलच्या नावासकट, ओळ क्रमांकासकट सांगतो की इथे इतके बाइट बाहेर सांडले. महिनाभर हे केलंत की डब्यातल्या आंधळ्या चाचणीत काय घडतंय याचा अंदाज बांधता येतो. प्रिंटरच्या फर्मवेअरमध्येही फाँट आणि चित्रं वाचणारा कोड पुष्कळदा दुसरीकडून आणलेला असतो. नेटवर्कचा कोडही तसाच. २०२० मध्ये ट्रेक कंपनीच्या टीसीपी/आयपी कोडात १९ दोष सापडले, तेव्हा ज्यांनी तो विकत घेतला होता त्या उत्पादकांच्या यादीत प्रिंटरवालेही होते.

सापडल्यावर

अहवाल छोटा ठेवा. मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, कोणता पोर्ट, लॉगिन लागतं का, सगळ्यात छोटा संदेश, तीनदा काय झालं, कन्सोलवर काय दिसलं. जे पाहिलं ते एका परिच्छेदात आणि जे वाटतं ते दुसऱ्यात. "पूर्ण ताबा मिळतो" असं सिद्ध केल्याशिवाय लिहू नका. मोठ्या प्रिंटर कंपन्यांकडे सुरक्षा-दोष कळवायला वेगळा पत्ता असतो, तिथे पाठवा. उत्तर येईना तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे जा. ते असे अहवाल घेतात आणि २०२१ पासून सीव्हीई क्रमांकही देऊ शकतात. दुरुस्तीसाठी नव्वद दिवस देण्याची रीत या क्षेत्रात बऱ्यापैकी रुळली आहे. तोवर मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकू नका.

परवानगीचं काय? स्वतःच्या प्रिंटरवर काम करत असाल तर प्रश्न नाही. कॉलेजचा, ऑफिसचा, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर असेल तर मालकाची लेखी परवानगी, त्यात मशीनचा सिरियल नंबर, तारीख, वेळ, आणि बिघडलं तर भरपाई कुणी करायची ते. तोंडी 'कर की रे' चालत नाही. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं किंवा त्यात अडथळा आणणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येतं, आणि ते बेइमानीनं केलं असं ठरलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या दृष्टीनं प्रिंटर हाही संगणकच.

माझ्या परवानगीपत्रात पावत्यांचा उल्लेख नव्हता. त्यांची नवी छपाई मीच करून दिली, आणि रद्द झालेल्या प्रत्येक क्रमांकापुढे रोखपालबाईंनी माझी सही घेतली.